मादागास्करचा रस्त्याने समूहप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मादागास्करची पूर्वेकडील वर्षावने, मधले उंच पठार आणि नैर्ऋत्येचा कोरडा किनारा हा प्रवास गाइडसोबत, गटाने आणि रस्त्याने करू इच्छिणाऱ्यांकडून आम्हांला जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेवढे सांगितल्याखेरीज जायचे की नाही हे ठरवणे अवघड जाईल.

प्रवासाचा मार्ग कसा आहे?

प्रवास राजधानी अंतानानारिव्हो येथून सुरू होतो. तेथील लोक या शहराला थोडक्यात ‘ताना’ म्हणतात. तेथून प्रथम राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 2 ने पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या अंदासिबेच्या वर्षावनात जायचे, परत तानाला यायचे आणि मग महामार्ग क्रमांक 7 धरून दक्षिणेला निघायचे. अंत्सिराबे, अंबोसित्रा, रानोमाफानाचे जंगल, फियानारांत्सुआ, अंबालावाओ, इसालोचे वालुकाश्माचे डोंगर आणि झोंबित्सेचे छोटे वन असे टप्पे घेत हा महामार्ग साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून तुलेआर या बंदराच्या गावी पोचतो. तुलेआरच्या उत्तरेला इफातीच्या किनाऱ्यावर मुक्काम होतो आणि तेथून विमानाने तानाला परत येता येते. या सगळ्याला सुमारे दोन आठवडे लागतात. हाच मार्ग आठ-नऊ दिवसांत ‘बसवून’ देता येईल का, असे अनेक जण विचारतात. तसे केले तर जंगलातल्या सकाळीच कापाव्या लागतात, म्हणून आम्ही ते करत नाही.

देशांतर्गत विमाने असताना रस्त्यानेच का जायचे?

या प्रवासाचा गाभाच या प्रश्नात आहे. मादागास्कर सुमारे 5,87,000 चौरस किलोमीटरचे, उत्तर-दक्षिण जवळपास 1,580 किलोमीटर लांबीचे बेट आहे. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे पूर्वेच्या कड्यावर आदळतात आणि तेथेच बहुतेक पाऊस पाडून मोकळे होतात, त्यामुळे पूर्वेला दाट वर्षावन, मध्ये थंड हवेचे पठार आणि नैर्ऋत्येला जेमतेम पावसावर जगणारे काटेरी वन अशी तीन वेगळी जगे एकाच बेटावर तयार झाली आहेत. एका जगातून दुसऱ्यात जाताना झाडे बदलतात, लेमूर (माकडांच्या दूरच्या नात्यातले प्राणी) बदलतात, घरांच्या भिंती बदलतात आणि थडग्यांची बांधणीही बदलते, आणि हा बदल हळूहळू, डोळ्यांदेखत घडताना केवळ रस्त्यावरूनच दिसतो.

अंत्सिराबेच्या पुढे बेत्सिलेओ लोकांची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि तांबड्या मातीची उंच, निमुळत्या छपरांची दुमजली घरे लागतात. अंबालावाओनंतर ग्रॅनाइटचे प्रचंड घुमट उभे राहतात. मग होरोंबेचे जवळजवळ निर्मनुष्य गवताळ पठार येते, जेथे ‘बारा’ नावाच्या जमातीचे वशिंडवाले झेबू बैल कळपाने चालताना दिसतात. इसालो ओलांडल्यावर इलाकाका लागते. 1998 मध्ये तेथे नीलमणी सापडले आणि एका लहानशा वस्तीचे पाहता पाहता खाणकामगारांचे गजबजलेले गाव झाले. त्याच्या पुढे रस्त्यालगत महाफाली लोकांची रंगवलेली दगडी थडगी दिसू लागतात.

आणखी एक कारण आहे आणि ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. विमानाने एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्यात गेलेला प्रवासी संपूर्ण बेट हिरवेगार आहे असे समजून परततो. रस्त्याने जाणारा माणूस मात्र दोन उद्यानांच्या मधल्या उघड्या टेकड्या, पावसाने चिरलेल्या तांबड्या घळी आणि विक्रीसाठी रस्त्याकडेला मांडलेली कोळशाची पोती पाहतो. जंगल तोडून, जाळून केलेल्या शेतीला तेथे ‘तावी’ म्हणतात. ती का होते, स्वयंपाकाला कोळशाशिवाय दुसरे काय परवडते आणि भाताचे पीक बुडाले तर घरात काय उरते, हे त्या माणसांच्या गावातून गेल्याशिवाय कळत नाही. ते कळले नाही, तर लेमूर इतक्या लहान लहान तुकड्यांत का अडकले आहेत हेही कळत नाही.

रोज किती तास गाडीत बसावे लागते?

अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नये. अंदासिबेचा दीडशे किलोमीटरचा रस्ता तोआमासिना बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींनी व्यापलेला असतो आणि त्याला चार तासांहून अधिक वेळ सहज लागतो. महामार्ग क्रमांक 7 वर काही पट्टे चांगले, तर काही खड्ड्यांनी पोखरलेले आहेत. त्यामुळे मुक्काम बदलण्याच्या दिवशी सहा ते नऊ तास प्रवास होतो, असे धरून चालावे. रानोमाफाना आणि इसालो येथे प्रत्येकी किमान दोन रात्री राहतो, त्यामुळे मधले दिवस पूर्णपणे पायी फिरण्यासाठी मिळतात. अंधार पडल्यावर आम्ही गाडी चालवत नाही. हा नियम कोणत्याही कारणाने मोडला जात नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिल ते नोव्हेंबर हा कोरडा काळ या मार्गासाठी योग्य आहे. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा हंगाम असतो, रस्ते आणि पूल वाहून जातात, म्हणून त्या काळात आम्ही गट नेत नाही.

कोरड्या काळातही प्रत्येक महिन्याचे स्वरूप वेगळे आहे. जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये आकाश स्वच्छ असते, पण पठारावर चांगलीच थंडी पडते. अंत्सिराबे सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे आणि तेथे हिवाळ्याच्या रात्री तापमान शून्याजवळ जाऊ शकते. ‘उष्णकटिबंधातील बेट’ एवढेच वाचून केवळ सुती कपडे घेऊन आलेल्या प्रवाशांचे तेथे हाल होतात. याच महिन्यांत शॅमेलिऑन सरडे, साप आणि बेडूक कमी दिसतात, ठेंगू लेमूर तर झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीखाली शीतनिद्रेत असतात. मेदयुक्त शेपटीचा ठेंगू लेमूर वर्षातले सात महिनेही असा झोपून काढू शकतो, आणि इतका दीर्घ काळ शीतनिद्रा घेणारा प्राणी वानरवर्गात अपवादानेच सापडतो.

सप्टेंबरच्या अखेरीपासून हवा उबदार होते, अनेक लेमूर माद्यांच्या पोटाला किंवा पाठीवर पिल्ले दिसू लागतात आणि सरपटणारे प्राणी पुन्हा हालचाल करू लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही ऑक्टोबर सुचवतो. जंगल अधिक हिरवे पाहायचे असेल, तर एप्रिलचा शेवट आणि मे हेही उत्तम दिवस आहेत.

लेमूर नक्की दिसतील का? कोणते?

लेमूर दिसतीलच, मात्र कोणता कुठे आणि किती वेळ दिसेल याची हमी देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जगातील लेमूरांच्या शंभराहून अधिक प्रजाती केवळ मादागास्करमध्येच नैसर्गिकरीत्या राहतात. हे बेट सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेपासून आणि सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंडापासून विलग झाले. लेमूरांचे पूर्वज त्यानंतर, बहुधा वाहत्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून, आफ्रिकेतून तेथे पोचले आणि माकडांची स्पर्धा नसलेल्या त्या जंगलांत त्यांना अनेक रूपे घेता आली.

अंदासिबेला जाण्याचे मुख्य कारण म्हणजे इंद्री. हा आज हयात असलेल्या लेमूरांतला आकाराने सर्वांत मोठा लेमूर असून त्याचे वजन सहा ते साडेनऊ किलोपर्यंत असते आणि शेपटी अगदी आखूड असते. इंद्रीची कुटुंबे सकाळी एका सुरात साद घालतात. ती साद दोन किलोमीटरवरही ऐकू येते आणि एका कुटुंबाचे संपताच दूरवरून दुसरे कुटुंब उत्तर देते. पिंजऱ्यात इंद्री जगवण्याचे प्रयत्न फसले आहेत, म्हणून त्याला पाहायचे तर त्याच्या जंगलातच जावे लागते. बेत्सिमिसाराका लोकांच्या परंपरेत इंद्रीचे माणसाशी पूर्वजाचे नाते सांगणाऱ्या कथा आहेत आणि त्याला मारणे निषिद्ध मानले जाते. कायद्याचा कागद जेथे पोचत नव्हता, तेथेही या श्रद्धेने इंद्रीला संरक्षण दिले आहे. अलीकडे बाहेरून आलेल्या लोकांमुळे काही भागांत तिचा धाक कमी होत चालला आहे, ही काळजीची गोष्ट आहे.

रानोमाफानाचे जंगल सुमारे 41,600 हेक्टरचे आहे. तेथे 1986 मध्ये सोनेरी बांबू लेमूर प्रथमच शास्त्रज्ञांच्या नजरेस आला आणि त्यातूनच, अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया राइट यांच्या पुढाकाराने, 1991 मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हा लेमूर सायनाइडयुक्त बांबूचे कोवळे कोंब रोज खातो. त्याच्या आकाराच्या इतर प्राण्याला तेवढे विष प्राणघातक ठरले असते. तो एवढे विष कसे पचवतो, हा संशोधकांना आजही खुणावणारा प्रश्न आहे. इसालोला पोचल्यावर वलयांकित शेपटीचे लेमूर आणि पांढऱ्याशुभ्र अंगाचे वेरो सिफाका या जातीचे लेमूर भेटतात. सिफाका जमिनीवर उतरला की दोन्ही पायांनी आडव्या उड्या मारत जातो.

फोसा हा बेटावरील सर्वांत मोठा मांसभक्षक प्राणी या मार्गावर क्वचितच दिसतो. केवळ त्याच्यासाठी येणाऱ्यांनी पश्चिमेकडील किरिंदीचे जंगल निवडावे.

लेमूरांना हात लावता येतो का? खाऊ देता येतो का?

नाही. काही खासगी ठिकाणी पाळीव लेमूर पर्यटकांच्या खांद्यावर बसवले जातात. आम्ही अशा ठिकाणी थांबत नाही. केळ्याची सवय लागलेला लेमूर माणसाच्या मागे लागतो, आजार पकडतो आणि जंगलात टिकत नाही. शिवाय पर्यटकांच्या छायाचित्रांमुळे पाळीव लेमूरांना मागणी वाढते आणि त्यासाठी जंगलातून पिल्ले पकडली जातात.

जवळून पाहण्यासाठी अंबालावाओजवळचे अंजा हे राखीव वन पुरेसे आहे. जेमतेम 30 हेक्टरांचा हा तुकडा गावकऱ्यांच्या संघटनेने सांभाळला आहे आणि प्रवेशशुल्काचा पैसा गावाच्या कामी येतो. वलयांकित शेपटीचे लेमूर तेथे माणसांना घाबरत नाहीत. आपण शांत बसून राहिलो, तर ते आपल्यापासून काही पावलांवर ऊन खात बसतात.

रात्री जंगलात फिरता येते का?

राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत रात्रीच्या फेरीला बंदी आहे. अंदासिबे आणि रानोमाफाना येथे उद्यानाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरून किंवा शेजारच्या सामुदायिक वनांतून स्थानिक गाइडसोबत रात्रीची फेरी होते. मुठीत मावतील एवढे मूषक लेमूर, टेनरेक नावाचे छोटे कीटकभक्षी प्राणी, पर्णपुच्छ पाली आणि फांदीच्या टोकाशी फिकट होऊन झोपलेले शॅमेलिऑन त्यात दिसतात. जगातील शॅमेलिऑनच्या प्रजातींपैकी सुमारे निम्म्या या बेटावर आहेत, आणि दिवसा पानांत हरवून जाणारा हा प्राणी रात्री बॅटरीच्या उजेडात सहज ओळखू येतो. डोक्याला बांधायची बॅटरी अवश्य आणावी. प्रखर झोत प्राण्याच्या डोळ्यांवर रोखून धरू नये आणि छायाचित्रासाठी फ्लॅश वापरू नये.

गट किती जणांचा असतो आणि सोबत कोण असते?

दहाच्या आसपास. यापेक्षा मोठा गट अरुंद पायवाटेवर गेला, तर शेवटच्या माणसाला केवळ पुढच्याची पाठ दिसते. संपूर्ण प्रवासात मराठीत बोलणारा सहलप्रमुख, एक मालागासी गाइड आणि चालक सोबत असतात. याखेरीज प्रत्येक राष्ट्रीय उद्यानात त्या उद्यानाचा अधिकृत स्थानिक गाइड घेणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी त्याच्याबरोबर पहाटेच जंगलात शिरून प्राण्यांचा माग काढणारा सहायकही असतो, ज्याला तेथे ‘पिस्तेर’ म्हणतात. आपल्याला लेमूर दिसतो तो बहुतांशी या माणसामुळे. म्हणून बक्षिसी देताना गाइड आणि पिस्तेर यांना वेगवेगळी आणि प्रत्येकाच्या हातात द्यावी.

‘फादी’ म्हणजे काय आणि पाहुण्याने ते कसे पाळावे?

फादी म्हणजे पूर्वजांनी घालून दिलेले निषेध. ते गावागणिक, घराण्यागणिक आणि कधी कधी माणसागणिक बदलतात. एखाद्या गावात डुकराचे मांस नेणे फादी असते, एखाद्या झऱ्यात साबण लावणे फादी असते, एखाद्या कुटुंबात ठरावीक वारी शेतात काम करणे फादी असते. त्यांची एकच यादी देता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर मालागासी गाइड त्या त्या ठिकाणचे नियम सांगतो आणि ते गटातील सर्वांना लागू होतात.

काही गोष्टी मात्र सर्वत्र पाळाव्यात. थडग्याकडे ताठ बोट दाखवू नये. दाखवायचेच असेल तर बोट दुमडून किंवा पूर्ण हाताने दिशा दाखवावी. थडग्यांचे छायाचित्र परवानगीशिवाय घेऊ नये. इसालोच्या कड्यांतील कपारींमध्ये ‘बारा’ जमातीचे लोक आपल्या मृतांना ठेवतात, त्यामुळे ‘गुहा दिसली की आत डोकावायचे’ ही सवय तेथे सोडावी लागते. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना थोडे वाकून, उजवा हात पुढे करून वाट मागण्याची रीत आहे. आपल्याकडील माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

फादीकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणारे काही प्रवासी भेटतात. आमचे त्यांना सांगणे असे, की पवित्र मानलेल्या अनेक वनराई, नद्या आणि प्राणी आज टिकून आहेत ते याच निषेधांमुळे, आणि ते मोडण्याचा अधिकार दोन दिवसांच्या पाहुण्याला नाही.

मृतांना पुन्हा बाहेर काढण्याचा विधी पाहायला मिळेल का?

फामादिहाना नावाचा हा विधी मुख्यतः पठारावरील मेरिना आणि बेत्सिलेओ कुटुंबांत, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात होतो. काही वर्षांच्या अंतराने कुटुंबीय थडगे उघडतात, पूर्वजांचे अवशेष नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, त्यांना घरातल्या बातम्या सांगतात, वाद्यांच्या गजरात नाचतात आणि सूर्यास्ताआधी त्यांना परत ठेवतात. त्यात शोकापेक्षा भेटीचा आनंद अधिक असतो. खर्च मोठा असल्याने अनेक कुटुंबे त्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवतात, आणि काही ख्रिस्ती पंथांचा त्याला विरोध असल्याने सर्वच कुटुंबे तो करत नाहीत.

हा विधी कार्यक्रमपत्रिकेत लिहून देता येत नाही आणि देऊही नये. वाटेत एखाद्या कुटुंबाने आपणहून बोलावले, तर आम्ही गाइडच्या सल्ल्याने, योग्य भेट घेऊन जातो. निमंत्रण नसेल, तर रस्त्यावरून गर्दी पाहून आत शिरत नाही.

बेटावरचे लोक मूळचे कुठले? भाषेची अडचण येते का?

आफ्रिकेपासून समुद्रमार्गे सुमारे 400 किलोमीटरवर असलेल्या या बेटाची भाषा आफ्रिकी कुळातली नाही. मालागासीची सर्वांत जवळची बहीण आग्नेय बोर्निओमध्ये बोलली जाते, कारण पहिल्या सहस्रकात हिंदी महासागर पार करून आलेल्या लोकांनी ती सोबत आणली. त्यांच्याबरोबर भातशेती आली आणि बाजूला तरंगणारा दांडा बांधलेली होडीही आली. इफातीचे वेझो कोळी आजही तशाच होडीतून समुद्रात जातात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांबरोबर झेबू आले. अरब व्यापारीही येथे स्थिरावले. गुजरातमधून आलेल्या कुटुंबांचे वंशज येथे ‘काराना’ म्हणून ओळखले जातात आणि शहरांतील व्यापारात त्यांचे मोठे स्थान आहे.

शहरांत फ्रेंच चालते, इंग्रजी मात्र पर्यटनाबाहेर फारशी चालत नाही. नमस्कारासाठी ‘सालामा’ आणि आभारासाठी ‘मिसाओत्रा’ एवढे दोन शब्द पाठ असले, तरी बाजारातल्या माणसाचा चेहरा खुलतो. लांब, म्हणींनी सजवलेले भाषण करण्याच्या ‘काबारी’ या मालागासी कलेचा युनेस्कोने 2021 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. लग्नात किंवा गावाच्या सभेत ते ऐकायला मिळाले, तर शब्द न कळताही थांबून ऐकावे.

वाटेत कोणती हस्तकला पाहता येते आणि काय विकत घेऊ नये?

अंबोसित्रा हे लाकडी कोरीवकामाचे केंद्र आहे. त्याच्या पूर्वेच्या डोंगरांत राहणाऱ्या झाफिमानिरी लोकांची खिळ्याविना घर बांधण्याची आणि दार-खिडक्यांवर भौमितिक नक्षी कोरण्याची विद्या युनेस्कोच्या 2008 च्या यादीत आहे. अंबालावाओमध्ये झाडाच्या सालीपासून हाताने बनवलेला, ताजी फुले दाबून बसवलेला आंतेमोरो कागद मिळतो, आणि कागद बनवण्याची संपूर्ण प्रक्रिया समोर पाहता येते. याच गावी बुधवार-गुरुवारी झेबूंचा मोठा बाजार भरतो. दक्षिणेकडून पायी चालवत आणलेले शेकडो बैल तेथे एकत्र होतात. गुराढोरांशी ज्याचा संबंध आला आहे, अशा माणसाला त्या बाजारातून लवकर निघवत नाही.

रोझवूडच्या वस्तू, जिवंत प्राणी, कासवाच्या पाठी, शंख-प्रवाळ आणि नामशेष झालेल्या हत्तीपक्ष्याच्या अंड्यांचे तुकडे घेऊ नयेत. यांपैकी बऱ्याच गोष्टी परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे बेकायदा आहे. इलाकाकात रस्त्यावर कोणी नीलमणी म्हणून काही विकू लागले, तर काचही असू शकते.

किती चालावे लागते?

अंदासिबे आणि रानोमाफाना येथे तीन ते पाच तास, निसरड्या चढउतारांवर, आणि लेमूर पुढे सरकले तर पायवाट सोडून झुडपांतून चालावे लागते. इसालोत अंतर जास्त, पण जमीन कोरडी असते. ऊन मात्र फार लागते, म्हणून तेथे पहाटे निघतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आम्हांला आधी कळवावे. प्रत्येक ठिकाणी छोटी फेरी उपलब्ध असते. वर्षावनात जळवा असतात. लांब मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा एवढी काळजी पुरते.

शाकाहारी जेवण मिळते का?

मिळते, पण विविधता मर्यादित असते. मालागासी जेवणाचा पाया भात हाच आहे, आणि तो तीनही वेळा खाल्ला जातो. त्यासोबत घेवड्याच्या बिया, पालेभाज्या, भाज्यांचे आंबट लोणचे आणि फळे मिळतात. रोमाझावा नावाच्या पालेभाजीच्या रश्श्यात बहुधा झेबूचे मांस असते, त्यामुळे नाव ओळखीचे वाटले तरी विचारूनच घ्यावे. पातेल्याच्या तळाला लागलेल्या भातात पाणी उकळून केलेले ‘रानोव्होला’ हे पेय जेवणाबरोबर देतात. ते पोटाला हलके असते आणि आमच्या गटांना ते आवडते. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी सोबत कोरडा शिधा ठेवावा.

आरोग्याच्या दृष्टीने कोणती तयारी करावी?

निघण्यापूर्वी सहा आठवडे प्रवासवैद्यकाची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटावे. हिवताप संपूर्ण देशात आढळतो. पठारावर धोका कमी, किनाऱ्यावर अधिक असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात आणि डास चावणार नाहीत याची काळजी तरीही घ्यावी. धनुर्वात, विषमज्वर आणि कावीळ यांच्या लसींबद्दल विचारावे. गोड्या पाण्याच्या तळ्यांत, संथ ओढ्यांत उतरू नये, कारण शिस्टोसोमा कृमींचा संसर्ग होतो. पठारावर साधारण सप्टेंबर ते एप्रिल या काळात प्लेगचे रुग्ण आढळतात. 2017 मध्ये त्याची मोठी साथ आली होती. पर्यटकांना धोका कमी असला, तरी ताप आल्यास तो लपवू नये, लगेच सांगावे. चांगली रुग्णालये तानाबाहेर फारशी नाहीत, म्हणून आपत्कालीन विमानवाहतुकीचा समावेश असलेला विमा आम्ही सक्तीचा केला आहे.

व्हिसा आणि पीतज्वराच्या प्रमाणपत्राचे काय?

पर्यटन व्हिसा अंतानानारिव्होच्या विमानतळावर उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन अर्ज करून मिळतो. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी आणि परतीचे तिकीट सोबत असावे.

पीतज्वराबाबत गोंधळ होतो तो विमान बदलण्याच्या ठिकाणामुळे. मादागास्करमध्ये पीतज्वर नाही, पण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणारा प्रवासी पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून जातो. तेथे बारा तासांहून अधिक थांबा झाला, तर मादागास्कर प्रमाणपत्र मागते, आणि परतताना भारतातील विमानतळावरील आरोग्य अधिकारीही या बाबतीत कडक असतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि आता आयुष्यभर चालते. त्यामुळे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून जाणाऱ्या सर्वांना आम्ही ही लस घेण्यास सांगतो. मॉरिशसमार्गे गेल्यास हा प्रश्न येत नाही.

पैसे कसे न्यावेत?

चलन आरियारी आहे आणि ते देशाबाहेर बदलून मिळत नाही. युरोच्या नोटा नेणे सर्वांत सोयीचे. विमानतळावर किंवा तानातील बँकेत बदलाव्यात. सर्वांत मोठी नोट 20,000 आरियारीची असल्याने हातात नोटांची जाड गड्डी येते. एटीएम मोठ्या गावांत आहेत, पण इसालोच्या परिसरात त्यांच्यावर विसंबू नये. उद्यानांचे प्रवेशशुल्क सहलखर्चात धरलेले असते. बक्षिसी, पेये आणि वैयक्तिक खरेदी धरलेली नसते.

प्रवास सुरक्षित आहे का?

दिवसा, ठरलेल्या मार्गाने आणि स्थानिक माणसांसोबत राहिल्यास हा मार्ग सुरक्षितपणे करता येतो. तानाच्या गर्दीच्या बाजारात खिसेकापूंपासून सावध राहावे आणि अंधारात शहरात पायी फिरू नये. दक्षिणेत ‘दाहालो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुरेचोरांच्या सशस्त्र टोळ्या हा गंभीर प्रश्न आहे. त्यांचे लक्ष्य मुख्यतः गुरे असली, तरी रात्री न चालण्याचे हे एक कारण आहे.

राजकीय परिस्थितीबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. सप्टेंबर 2025 मध्ये वीज आणि पाण्याच्या टंचाईवरून राजधानीत तरुणांची आंदोलने सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. अशा घडामोडींचा परिणाम विमानसेवा आणि संचारबंदीवर होतो. म्हणून प्रत्येक गटाच्या आधी आम्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आणि आमच्या मालागासी सहकाऱ्यांचे मत पाहून निर्णय घेतो, आणि गरज वाटल्यास सहल पुढे ढकलतो.

वीज आणि मोबाइलची सोय कशी आहे?

वीज वारंवार जाते, त्यामुळे पॉवर बँक आणावी. सॉकेट फ्रेंच पद्धतीचे, 220 व्होल्टचे आहेत. स्थानिक सिमकार्ड तानात मिळते. गावांजवळ नेटवर्क असते, जंगलात आणि होरोंबेच्या पठारावर बहुधा नसते.

लहान मुलांना खाऊ, पेन किंवा पैसे द्यावेत का?

रस्त्यावर देऊ नयेत. गाडी दिसली की शाळा सोडून धावत येणारी मुले या मार्गावर आधीच पुष्कळ आहेत. द्यायचेच असेल, तर गाइडमार्फत गावातल्या शाळेच्या शिक्षकांकडे द्यावे.

गोरखचिंचांची प्रसिद्ध रांग या मार्गावर का नाही?

ती रांग पश्चिम किनाऱ्यावरील मोरोंदावाजवळ आहे आणि या महामार्गापासून बरीच दूर आहे. जगातील गोरखचिंचेच्या आठ प्रजातींपैकी सहा केवळ मादागास्करमध्ये आढळतात. आमच्या मार्गावर इफातीजवळच्या काटेरी वनात बाटलीसारख्या फुगीर खोडाची जुनी झाडे दिसतात. त्यांच्या भोवती डिडिएरियाची काट्यांनी भरलेली, खांबासारखी उंच झाडे वाढतात, आणि ती तर या बेटाखेरीज कुठेच नाहीत. छायाचित्रांतली सरळसोट, प्रचंड झाडे पाहायचीच असतील, तर अंत्सिराबेहून पश्चिमेला वळून मोरोंदावाला जाण्यासाठी चार-पाच दिवस वाढवावे लागतात. त्यात बेमाराहाच्या चुनखडीच्या सुळक्यांचे वन जोडता येते. हे ठिकाण 1990 पासून जागतिक वारसा आहे. तेथील रस्ता केवळ कोरड्या महिन्यांत खुला असतो आणि दोन नद्या तराफ्यावर गाडी चढवून ओलांडाव्या लागतात, त्यामुळे हा जोडप्रवास आम्ही जून ते ऑक्टोबर एवढ्याच काळात घेतो. त्याची नोंदणी मुख्य सहलीबरोबरच करावी लागते.